सरकीच्या मुळातले २६ आणि ५२: गुणसूत्रं मोजायची कशी आणि वाचायची कशी

देशी आणि अमेरिकन पऱ्हाटी लांबूनही ओळखू येतात, पण त्यांचं नातं कळायला मुळाचं टोक फोडावं लागतं. देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२. नागपुरात दोन्हींची सरकी मिळू शकते, त्यामुळे सरावाला ही जोडी सोयीची. हात मात्र आधी कांद्यावर बसवा. कांद्याची १६ गुणसूत्रं चांगली ठसठशीत असतात. कापसाची बारीक, पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे लागलात तर नुसते ठिपके दिसतील.

पाकिटातली रंगीत लेप दिलेली सरकी नको. काही बुरशीनाशकं पेशीविभाजनातच ढवळाढवळ करतात. साधी सरकी रात्रभर भिजवा, टरफल अलगद सोला आणि ओल्या टिपकागदावर ३० अंशांच्या आसपास ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच पारा चाळिशी ओलांडतो. मुळं तपकिरी पडतात आणि विभाजन मंदावतं. अशा वेळी कूलरची खोली शोधा, नाहीतर दिवाळीनंतर काम काढा. मूळ १ ते १.५ सेंटिमीटर झालं की सकाळी टोकं कापा. ८ ते ११ दरम्यान दर अर्ध्या तासाला चार-चार टोकं घेऊन पाहा, तुमच्या बियाण्याची नेमकी वेळ त्यातूनच सापडेल.

कापलेली टोकं ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनच्या द्रावणात ३ ते ४ तास ठेवा. प्रमाण १ लिटर पाण्यात ०.२९ ग्रॅम, पाणी कोमट केल्याशिवाय ते विरघळत नाही. वापरताना तापमान १५ ते १८ अंश हवं, म्हणून बाटली थर्मासमध्ये थोड्या बर्फाच्या पाण्यात ठेवा. या द्रावणाने गुणसूत्रांना ओढणारे तर्कूचे धागे बनत नाहीत. गुणसूत्रं आखडतात आणि पेशी मध्यावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, अडकून राहतात. वेळ फार लांबली तर ती आखडून दाण्यांएवढी होतात, आणि काही पेशी न विभागताच पुढे जाऊन दुप्पट संख्या घेऊन बसतात. १९३७ पासून कोल्चिसिन हे रसायन वापरून मुद्दाम बहुगुणित, म्हणजे दोनाहून जास्त गुणसूत्र-संचांची, रोपं करतात ती याच खोडीवर. इथे मात्र ती तुमची मोजणी बिघडवेल.

मग ३ भाग शुद्ध अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांत २४ तास. मिश्रण त्याच दिवशी करा. शिळ्याला गोडसर वास येऊ लागतो, ते टाकून द्या. नंतर टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये टिकतात.

रंगवण्याआधी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ ते १० मिनिटं ठेवून पाण्याने धुवा. टोकाचा फक्त १ ते २ मिलिमीटरचा दुधाळ भाग घ्या, मागचा फेका. मागच्या लांबट पेशींत आपसूक दुप्पट झालेले संच सापडू शकतात. त्यावर २ टक्के ॲसिटो-ऑर्सिन या रंगाचा थेंब, २० मिनिटं. कव्हरस्लिप ठेवून काडीपेटीच्या काडीने हलके ठोका, मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा सरकला की संपलं. गुणसूत्रं शेजारच्या पेशीत जातात.

सूक्ष्मदर्शकाच्या १००च्या तेल-भिंगाखाली अमेरिकन कापूस मोजताना ५०, ५१, ५२ असे आकडे येतीलच. कमी आले तर एकावर एक चढली आहेत किंवा पेशी फुटली आहे. जास्त आले तर दोन पेशी मिसळल्या आहेत, किंवा गुणसूत्राला जोडलेला छोटा उपग्रह वेगळा धरला आहे. किमान ५ वेगवेगळ्या बियांच्या मुळांतल्या १५ स्वच्छ पेशी मोजा. सरासरी काढू नका. पुन्हा पुन्हा येणारा आकडा धरा.

आता ५२ नुसते मोजू नका, आकारही पाहा. साधारण २६ मोठी आणि २६ लहान दिसतील. ही गोष्ट स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवली. मोठा संच देशी कापसाच्या गोत्रातला, लहान संच अमेरिकेतल्या रानटी कापसाच्या गोत्रातला. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी या दोन गोत्रांचा संकर झाला आणि संच दुप्पट झाले. १९४० मध्ये बीझली या शास्त्रज्ञाने असाच संकर करून कोल्चिसिनने संच दुप्पट केले. म्हणून वहीत लिहा: २एन = ४एक्स = ५२, एन २६, एक्स १३. २एन म्हणजे मुळासारख्या साध्या पेशीतली संख्या, एन म्हणजे परागातली किंवा बीजांडातली निम्मी संख्या, आणि एक्स म्हणजे एका मूळ संचातली संख्या. एन आणि एक्स यांची गल्लत ही सगळ्यात जुनी चूक. देशी आणि अमेरिकन यांचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रं येतात, साधारण १३ जोड्या आणि १३ एकटी, आणि झाड वांझ राहतं.

प्रत्येक फरक दुपटीचाच असतो असं धरू नका. मोहरीच्या कुळात मूळ संख्या ८, ९ आणि १० अशा सरकलेल्या आहेत; फोडणीच्या मोहरीत २० आणि १६ मिळून ३६ झाली आहेत. उलट हरळीत १८, २७ आणि ३६ असे तिन्ही आकडे मिळतात, तरी नाव एकच. तेव्हा वेगळा आकडा दिसला म्हणून नवी जात जाहीर करायची घाई नको. आधी फुलं, परागकणांची वंध्यता आणि संकर जुळतो का ते तपासा.

पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, मोजून काम उरकायचा मोह होईल. बहुगुणितात ती सहसा मोठी असतात, पण पाणी आणि पानाच्या वयानेही फरक पडतो. शेकडो रोपांतून संशयित निवडायला ठीक, बाकी मुळाकडेच वळा. आणि ज्या झाडाचं बी मोजलं त्याची एक फांदी दाबून, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवा. नाहीतर आकडा कोणत्या झाडाचा हे पुढच्या हंगामात कुणालाच सांगता येणार नाही.