सव्वीस पोरं आणि एक व्हीएचडीएक्स फाईल

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलो तेव्हा ॲक्टिव्ह डिरेक्टरी आपल्याला येते असा माझा ठाम समज होता. युजर बनवायचे, ग्रुप पॉलिसी लावायची, पासवर्ड विसरलेल्यांना नवा द्यायचा. हाय काय नाय काय! नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. डोमेन म्हणजे काय, व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी ज्या खड्ड्यात पडलो त्याबद्दल मात्र जरा जास्तच बोलणार आहे.

आमच्याकडे दोन डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) होते, दोन्ही हायपर-व्हीवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एक इथे, दुसरा कागलच्या युनिटमध्ये. बॅकअपची पद्धत मीच बसवलेली, आणि तिचा मला अभिमान होता. शनिवारी रात्री डीसी बंद करायचा, त्याची व्हीएचडीएक्स फाईल (म्हणजे त्याची व्हर्च्युअल डिस्क) नासवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर, कॉपी करायची, परत चालू करायचा. अख्खी डिस्कच हातात असताना आणखी काय पाहिजे?

एका सोमवारी सकाळी इथला डीसी निळ्या स्क्रीनवर येऊन बसला. मी नासवरची शनिवारची फाईल आणली, बिघडलेल्या फाईलच्या जागी टाकली आणि मशीन चालू केलं. वीस मिनिटांत लॉगिन सुरू. मालक स्वतः केबिनमध्ये येऊन ‘व्वा’ म्हणून गेले. त्याच दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीनं कागलकडची केबल तोडली होती, म्हणून दोन डीसींचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. दुपारी एचआरनं बेचाळीस शिकाऊ उमेदवारांची यादी पाठवली. मी इथल्या डीसीवर सगळ्यांची खाती बनवली. संध्याकाळी केबल जोडली गेली. मी घरी जाऊन निवांत जेवलो.

बुधवारी कागलहून फोन. काही पोरांना लॉगिन होतंय, काहींना नाही. रेप्लिकेशन, म्हणजे दोन डीसींमधली बदलांची देवाणघेवाण, तपासलं तर सगळं यशस्वी, एकही एरर नाही. दोन दिवस मी डीएनएस, फायरवॉल, घड्याळ असं दिसेल ते खाजवत बसलो. त्यात आणखी एक विचित्र तक्रार आली. एका शिकाऊ पोराला अकाउंट्सचं फोल्डर उघडतंय.

शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका दादांना फोन केला. हा माणूस नेटवर्किंगची छोटी कामं घेतो, त्याच्याकडे एकही सर्टिफिकेट नाही. त्यांनी विचारलं, ‘‘जी पोरं तिकडं दिसत नाहीत, ती कितव्या नंबरला बनवलीस?’’ यादी काढली. पहिली सव्वीस गायब, शेवटची सोळा हजर. मधे एकाचाही फरक नाही. दादा म्हणाले, ‘‘रिस्टोर केलंस, की नुसती फाईल बदललीस?’’

इथे सावकाश वाचा. प्रत्येक डीसी आपल्याकडे झालेल्या बदलाला एक चढता नंबर देतो, त्याला यूएसएन म्हणतात. दूध संस्थेची वही डोळ्यांसमोर आणा. कागलचा डीसी लक्षात ठेवतो, ‘शिरगावच्या अमुक वहीतल्या ६०,४०० नंबरपर्यंतच्या नोंदी मी उतरवून घेतल्यात.’ (आकडे सोयीसाठी गोल केलेत.) मी शनिवारची फाईल टाकली आणि शिरगावची वही ६०,२०० वर मागे गेली. शिरगावला स्वतःला याचा पत्ताच नाही. त्यानं पुढच्या नोंदी ६०,२०१ पासून लिहायला घेतल्या. एका खात्यामागे सात-आठ नोंदी, म्हणजे सव्वीस पोरांत वही ६०,४०० ला टेकली. कागलनं विचारलं, ‘६०,४०० च्या पुढचं काय आहे?’ मिळाली शेवटची सोळा पोरं. आधीची सव्वीस त्याच्या लेखी वाचून झालेल्या पानांवर होती. ती तो परत कधीच मागणार नव्हता. यालाच यूएसएन रोलबॅक म्हणतात.

केबल तुटलेली नसती तर कदाचित लगेच सापडलं असतं. शेजारी ६०,४०० म्हणतोय आणि आपण अजून ६०,२५० वर आहोत, हे दिसलं की डीसी इव्हेंट २०९५ नोंदवतो, रेप्लिकेशन बंद करतो, लॉगिन हाताळणारी नेटलॉगऑन सर्व्हिस थांबवून ठेवतो. तो आरडाओरडा म्हणजे नशीब समजा. रजिस्ट्रीतली एक व्हॅल्यू उडवून त्याचं तोंड बंद करायचे उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. माझ्या बाबतीत दोघांची भेट होईपर्यंत वही ६०,४०० च्या पुढे गेली होती, म्हणून कोणी ओरडलंच नाही.

अकाउंट्सच्या फोल्डरचं गूढही त्याच वहीत. खात्यांचे आयडी ज्या साठ्यातून निघतात, तो आरआयडी पूलही शनिवारवर गेला होता. रविवारी एका क्लार्कचं खातं बनवलं होतं. ते कागलला पोचलं, इथून पुसलं गेलं, आणि त्याचाच एसआयडी (परवानग्या ज्या ओळख-नंबरावर लागतात तो) सोमवारी एका पोराला मिळाला. फोल्डरची परवानगी मी ग्रुपला न देता थेट क्लार्कच्या खात्याला दिली होती. तो वेगळा गाढवपणा.

आता तुम्ही म्हणाल, विंडोज सर्व्हर २०१२ पासून यावर उपाय आहे ना? आहे. हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक मशीनला एक जनरेशन आयडी देतो. तुम्ही चेकपॉइंटवर, म्हणजे मशीनच्या आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, मागे गेलात की तो बदलतो. डीसी ते ओळखतो, जुनी वही मिटतो, नव्या इन्व्होकेशन आयडीची (वहीच्या नावाची) वही उघडतो, आरआयडीचा साठा टाकून देतो आणि सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसीच्या फाईलींचं फोल्डर) शेजाऱ्याकडून परत घेतो. पण हा आयडी मशीनचा असतो, डिस्कच्या फाईलचा नसतो. मी मशीन तेच ठेवून खालची फाईल बदलली. आयडी बदलला नाही, घंटा वाजली नाही. क्लासमधल्या सरांनी ‘चेकपॉइंट घ्या, निवांत राहा’ एवढंच शिकवलं होतं. ही घंटा कशानं वाजते आणि कशानं नाही, ते त्यांनाही माहीत नसावं. यूट्यूबवर दहा मिनिटांत रिस्टोर दाखवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या लॅबमध्ये एकच डीसी असतो. वही वाचायला शेजारीच नाही, मग बिघडणार काय?

दुरुस्ती सरळ होती, पण कष्टाची. इथल्या डीसीची नेटवर्क केबल काढली. कागलच्या डीसीनं पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) जबरदस्तीनं घेतले, जुन्याचा मेटाडेटा, म्हणजे डिरेक्टरीत उरलेल्या त्याच्या नोंदी, साफ केला, इथे कोरा सर्व्हर टाकून त्याला नव्यानं डीसी केलं. बेचाळीस खाती कागलच्या यादीशी ताडून, सव्वीस पुन्हा बनवली. नोकरी गेली नाही. मालकांना मी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘मोल्ड फुटला तर आम्ही पण परतच ओततो.’’ तेव्हा घाबरू नका, तुमच्या हातूनही काहीतरी फुटेल.

त्यानंतर माझं मत पक्कं झालंय. दुसरा डीसी धडधाकट असेल तर पहिल्याला रिस्टोर करायच्या भानगडीत पडू नका. नवा उभारा, माहिती शेजाऱ्याकडून येईल. चुकून ओयू (खाती ठेवायचा डिरेक्टरीतला कप्पा) डिलीट झालं तर आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रिसायकल बिन बघा. २००८ आर २ पासून आहे, पण स्वतः चालू करावं लागतं, आणि घटना घडल्यावर चालू करून उपयोग नाही. ते नसेल तरच ऑथोरिटेटिव्ह रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधली नोंदच खरी असं शेजाऱ्यांना मानायला लावणारा. सगळंच बसलं तर सिस्टिम स्टेट बॅकअप, ज्यात डिरेक्टरीचा डेटाबेसही येतो. तो विंडोज सर्व्हर बॅकअपनं घेतलेला असावा, किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी ओळखणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं. तोही टूम्बस्टोनच्या (डिलीट झालेल्या नोंदीची खूण जपायच्या) मुदतीपेक्षा जुना नको. ती मुदत साधारण १८० दिवस, फार जुन्या फॉरेस्टमध्ये ६०.

बॅकअप कुठे ठेवता तेही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. नदीच्या पलीकडे ठेवलेली हार्ड डिस्क तेव्हा असून नसल्यासारखी.

आणि सराव करा. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट चालते. लॅपटॉपवर दोन छोटे डीसी बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून बसवा आणि मी केलेली चूक मुद्दाम करून बघा. फॅक्टरीतला बॅकअपही मी तीन महिन्यांतून एकदा असाच बंद नेटवर्कमध्ये उठवतो. डीएसआरएम मोडचा (डीसी रिस्टोर करायला ज्यात उठवतात त्या मोडचा) पासवर्ड त्यासाठी पाकिटात घालून मालकांच्या तिजोरीत ठेवलाय. परवाच्या सरावात पाकीट फोडलं तर पासवर्ड चालेना. माझ्याच अक्षरात लिहिलेलं ते शून्य आहे की ओ, हे लावण्यात अर्धा तास गेला.