जुनी फॉरेस्टर घेऊन सॅन हुआनच्या कच्च्या रस्त्यांवर जायच्या आधी

मे-जून आला की डेन्व्हरच्या आपल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास विचारतं, की जुनी सुबारू आहे, सिल्व्हर्टनकडे (म्हणजे कोलोरॅडोच्या सॅन हुआन डोंगरांत) कच्च्या रस्त्यावर नेता येईल का आणि लिफ्ट किट कुठलं घेऊ. नेता येईल की. पण लिफ्ट किट या यादीत बरंच खाली येतं आणि माझं स्पष्ट मत आहे की हातात हजार डॉलर असतील तर त्यातला पहिला पैसा गाडी उंच करण्यावर घालवूच नये. आधी वीस वर्षांची गाडी धडधाकट करा, मग तिचं पोट झाका, मग टायर, आणि एवढं करून उरले तर उंची. खाली जे लिहितोय ते २००३ ते २००५ ची सुबारू फॉरेस्टर, २.५ लिटर, ऑटोमॅटिक डोळ्यासमोर ठेवून, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तीच आहे. त्या काळातल्या आउटबॅकला यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिलं काम टायमिंग बेल्ट. कंपनीचा हिशोब १ लाख ५ हजार मैल किंवा १०५ महिने, दोन्हीपैकी जे आधी होईल ते. लोक मैल बघतात आणि महिने विसरतात. "नव्वद हजारच झालेत, आजोबांची गाडी होती, चर्चला जायची फक्त" असं सांगून विकलेली गाडी असेल तर बेल्ट कंपनीचाच असण्याची शक्यता जास्त, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, म्हणजे खेळ खलास. बदलताना नुसता बेल्ट बदलू नका, टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप सगळं एकदम बदला, तिथपर्यंत पोहोचायची मजुरी एकदाच लागते.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कूलिंग. सुबारू म्हटलं की लोक हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलच्या) नावाने बोटं मोडतात ते काही उगाच नाही. नव्वदच्या दशकातल्या डबल कॅमच्या २.५ मधे गॅस्केट आतून लीक व्हायचं आणि गाडी अचानक तापायची, २००० नंतरच्या सिंगल कॅमच्या इंजिनात ते बहुधा बाहेरून गळतं, हळूहळू, ऑइल किंवा कूलंट. त्यामुळे गाडी रात्रभर थंड होऊ द्या, टॉर्च घेऊन खाली वाका आणि दोन्ही बाजूंच्या हेडची खालची कड बघा. इंजिन आडवं आहे त्यामुळे हेड डावी-उजवीकडे आहेत आणि गळती खालच्या कडेलाच दिसते, तिथे ओलसर काळा चिकटा असेल किंवा कूलंट सुकून पांढरट-हिरवट डाग पडलेला असेल तर समजून जा. मग गाडी चालू करून पूर्ण तापू द्या आणि कूलंटच्या बाटलीत बघा. एखादा बुडबुडा चालेल, पण बारीक बुडबुडे सारखे येतच राहिले तर तो इंजिनातला गॅस कूलंटमधे घुसतोय, ही गाडी डोंगरावर न्यायची नाही, विषय संपला. गॅस्केट करायचंच झालं तर स्टीलच्या थरांचं घ्या, जे टर्बो इंजिनात येतं, आणि हेड प्लेन करून घ्या. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, वीस वर्षांनी तडकतात, तो बदलणं स्वस्त आहे म्हणून सरळ नवा घाला, सोबत होज पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि झाकण. कूलंट भरल्यावर हवा नीट काढा, आडव्या इंजिनात हवा अडकून बसते आणि मग काटा वर-खाली नाचतो. परीक्षा कुठे घ्यायची ते सांगतो, डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत भर दुपारी एसी लावून चढा. बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. काटा जागचा हलला नाही तर पुढची यादी वाचा.

ऑइलं. या ऑटोमॅटिकमधे गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) वेगळं, आणि त्याची स्वतंत्र डिपस्टिक आहे जी बऱ्याच मालकांना माहीतच नसते. झटपट ऑइल चेंजवाले इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल सोडतात आणि वरून इंजिनात दुप्पट भरतात, हा किस्सा सुबारूवाल्यांत इतका जुना आहे की त्यावर आता कोणी हसतही नाही. म्हणून स्वतः करा नाहीतर समोर उभं राहून करून घ्या. मागच्या डिफरन्शियलला जेमतेम पाऊण-एक लिटर ७५डब्ल्यू-९० लागतं, पण आधी भरायचा बोल्ट उघडतोय का बघा आणि मगच सोडायचा उघडा, नाहीतर रिकामं डिफ घेऊन बसाल.

मग ऑल व्हील ड्राइव्ह खरंच धड आहे का ते तपासा. रिकाम्या पार्किंग लॉटमधे स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. कोणी ब्रेक दाबून धरलाय अशी गाडी अडखळत, उड्या मारत फिरली तर तो टॉर्क बाइंड, म्हणजे पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतायत. बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (फ्रंट व्हील ड्राइव्ह) लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते, त्यात फ्यूज खोचला की मागची चाकं सुटतात. त्यानंतरही अडखळणं गेलं नाही तर मागे ताकद पाठवणारा क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड बिघडलाय. पण गॅरेजमधे धावायच्या आधी टेपने चारही टायरचा घेर मोजा, सुबारू पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही आणि निम्मं दुखणं तिथेच असतं, एकच टायर नवा घातलेला असतो. तोच फ्यूज डोनट (छोटी, तात्पुरती) स्टेपनी लावताना पण लागतो म्हणून एक जास्तीचा डॅशमधे ठेवा.

खाली आहातच तर एक्सलचे रबरी बूट हाताने चाचपून बघा, विशेषतः पुढचा उजवा आतला, तो एक्झॉस्टच्या जवळ आहे, भाजून फाटतो आणि ग्रीस पाइपवर पडून जळका वास येतो. बूट फाटलाय पण एक्सल आवाज करत नाही, तर कंपनीचा एक्सल फेकू नका, नवे बूट चढवा, बाजारातले स्वस्त एक्सल त्यापेक्षा लवकर थरथरायला लागतात. मागचे शॉकअप सेल्फ लेव्हलिंगवाले (वजन वाढलं तरी उंची आपोआप सांभाळणारे) असतील तर एव्हाना ते बसलेले असणार, मागून गाडी वाकलेली दिसते. ते नवीन घ्यायला महाग पडतात, लोक साधे स्ट्रट लावतात, पण मग स्प्रिंगही साध्या मॉडेलच्याच लावाव्या लागतात. सेल्फ लेव्हलिंगची मऊ स्प्रिंग साध्या स्ट्रटवर ठेवली तर मागची बाजू परत बसणारच.

आता पोट. मूळ क्लिअरन्स साडेसात इंचांच्या आसपास आणि सगळ्यात खाली लोंबतात चेंबर (इंजिन ऑइलची टाकी) आणि एक्झॉस्ट. कंपनीचं कव्हर नुसतं प्लास्टिक आहे, ते चिखल अडवतं, दगड नाही. म्हणून पुढे ३/१६ इंची ॲल्युमिनियमची प्लेट, ऑइल सोडायला भोक असलेली, आणि मागे डिफखाली एक छोटी. ओरेगनचे प्रिमिटिव्ह रेसिंगवाले या गाड्यांसाठी तयार प्लेटा करतात, चार बोल्टचं काम आहे.

टायर हाच या सगळ्यात सर्वात मोठा फरक. मूळचे २१५/६०आर१६, त्याजागी २१५/६५आर१६ ऑल टेरेन लिफ्टशिवाय बसतात, एखाद वेळी मडगार्डचं प्लास्टिक थोडं कापावं लागतं. २१५/७०आर१६ घातले तर टायर जवळपास पावणेदोन इंचांनी मोठा होतो, म्हणजे क्लिअरन्स पाऊण इंचाच्या वर वाढतो, पण मग लिफ्ट पाहिजे, शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ च्या आसपास असता आणि पहिला गिअर अजून लांब होतो, जो आधीच लांब आहे. म्हणून मी पासष्टवरच थांबा म्हणतो. लिफ्ट करायचंच असेल तर स्ट्रटच्या वर एक, फार तर दोन इंचांचे स्पेसर. दोनच्या पुढे गेलात की एक्सलचा कोन वाढतो, बूट फाटायला लागतात, सबफ्रेम खाली उतरवावी लागते. मागचं चाक मडगार्डमधे पुढे सरकतं त्यासाठी ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट वेगळे घ्यावे लागतात. आणि कितीही छोटं लिफ्ट असलं तरी नंतर अलाइनमेंट.

लो रेंज (चढ-दगडांसाठी हळू पण जास्त जोराने चालवणारा गिअरांचा वेगळा संच) या गाडीत नाही आणि कितीही पैसे ओतले तरी सहजासहजी येणार नाही हे मनाशी पक्कं करा. अमेरिकेत ती सुबारूच्याच जुन्या जीएल, लॉयाल आणि ब्रॅटमधे मिळायची, पुढे ऑस्ट्रेलियातल्या मॅन्युअल फॉरेस्टरला होती, इथल्यांना नाही.  म्हणूनच युटातल्या कॅन्यनलँड्स पार्कमधल्या व्हाइट रिम रस्त्याला लो रेंज नसलेली गाडी चालत नाही, तिकडे सुबारू घेऊन जायचं डोक्यातून काढा. सॅन हुआनमधे ओफिर पास, ११,७८९ फूट, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी उत्तम, हायवे ५५० च्या बाजूने चढा, पलीकडची उतरण सुट्या दगडांतून आणि अरुंद आहे. सिल्व्हर्टनहून ॲनिमस फोर्क्सपर्यंतचा रस्ता सोपा. त्यापुढे सिनामन पास, १२,६४० फूट, तिथे सुरुवातीचीच चढण अंगावर येते. एंजिनियर पासला ५५० वरून मिनरल क्रीकने जाणारा तुकडा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, तो जीपवाल्यांना सोडा.

चालवताना, टायरची हवा ३२ वरून २०-२२ करा, पंधराच्या खाली नको, टायर रिममधून निघेल. डांबरी रस्त्यावर आल्यावर परत भरायला बॅटरीला लावायचा कॉम्प्रेसर हवा, सिगारेट लायटरचा खेळण्यातला नको. गिअर चढताना-उतरताना १ मधे टाकून ठेवा, उताराला ब्रेकवर बसलात तर पाच मिनिटांत वास येईल. उंच दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा मोह होतो, शहरातली सवय, पण इथे उलट, चाक दगडावर चढवा म्हणजे पोट वर उचललं जातं. तिरपं खड्ड्यात गेलात आणि तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं (एका बाजूचं पुढचं, दुसऱ्या बाजूचं मागचं) हवेत गेली तर ती नुसती फिरत राहतात, बहुतेक गाड्यांत दोन्ही डिफ उघडे असतात, म्हणजे ताकद सहज फिरणाऱ्या चाकाकडेच जाते, तेव्हा जोरात रेस देऊ नका. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून धरा आणि रेस तशीच हळू ठेवा, फिरणारं चाक थोडं अडतं आणि ताकद जमिनीवरच्या चाकाला जाते. जमलं नाही तर मागे घेऊन दुसरी रेघ पकडा. हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे १६५ घोड्यांतले वर जेमतेम १०५-११० उरतात, त्यामुळे चार माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर दोघांना उतरून चालायला सांगा, एक जण पुढे उभा राहून रस्ता दाखवेल. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं, गाडीचं मॅन्युअल ८७ मागतं, ८७ च भरा, आणि टाकी सिल्व्हर्टनमधेच फुल.

टोचन करायची वेळ येईलच असं धरून चाला. पुढे खाली दिसणारे हुक बरेचदा गाडी ट्रकवर बांधायला असतात, ओढायला कुठले ते मॅन्युअलमधे बघून ठेवा. मागे हिच रिसीव्हर (ट्रेलर जोडायची चौकोनी नळी) बसवून घ्या आणि पट्टा त्याच्या पिनेत अडकवा, टो बॉलला कधीही नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायला दोन ट्रॅक्शन बोर्ड, जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी, दोन गॅलन पाणी, एक गॅलन कूलंट, पंक्चर किट, पाने, टेप, हातमोजे. खाण्यात दशम्या-चटणी काय न्यायचं ते न्या पण पाणी जास्त, उंचीवर डोकं धरतं. फोनला रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो.

जुलैमधे दुपारी विजा कडाडतात, म्हणून सकाळी सातला सुरुवात आणि बाराच्या आत पासवरून खाली. चढणाऱ्या गाडीला वाट, आपल्या घाटात जो नियम तोच. रस्ता सोडून गवतावर चाक घालू नका, त्या उंचीवरची ती हिरवळ परत यायला वर्षानुवर्षं लागतात. वर फोटोला थांबलात तर चाकं डोंगराकडे वळवा, नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका, मागच्या चाकाला दगड लावा, आणि निघताना तो उचलून बाजूला टाका, आपले ट्रकवाले सोडून जातात तसा रस्त्याच्या मधोमध ठेवू नका.