पिळाचं लाकूड: या चुका टाळा

वाकडी झालेली फळी घेऊन माणूस आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लाकूड ओलं दिलं हो." ओल हे कारण असतंच, पण अर्धं. लाकूड वाळताना आकसतं, हे खरं. पण फळीचे तीन कोपरे टेबलाला टेकतात आणि चौथा हवेत राहतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा झाडातच असतो. तंतू खोडात सरळ उभे नव्हते, खोडाभोवती तिरके गुंडाळत वर गेले होते; यालाच पीळ म्हणतात. विकत घेताना ते कुणी बघितलं नाही, चिरताना बघितलं नाही, आणि आता वखारवाल्याला शिव्या घालणं चालू आहे.

झाडाची जाडी वाढते ती सालीखालच्या कॅम्बियम नावाच्या पातळ थरातून. तिथल्या पेशी विभागताना आणि एकमेकींच्या बाजूने पुढे सरकताना सतत एकाच अंगाला कलत राहिल्या, की त्यांच्यापासून बनणारं लाकूडही तिरकं बनतं. बऱ्याच सूचिपर्णी झाडांमध्ये कोवळ्या वयात हा कल डावीकडे असतो, पुढे तो कमी होत जातो, आणि म्हातारपणी उजवीकडे झुकतो. चिडाच्या (हिमालयातल्या पाइनच्या) झाडात पीळ इतका असू शकतो की वाळलेल्या खोडावरच्या चिरा लांबूनही फिरत गेलेल्या दिसतात. पीळ किती असणार हे बऱ्याच अंशी वंशावर ठरतं. वाऱ्याचाही त्यात हात असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. पृथ्वी फिरते म्हणून झाड पिळतं, ही गोष्ट मात्र सोडून द्या. एकच झाड आयुष्यात दिशा बदलतं, पृथ्वी बदलत नाही. झाडाच्या बाजूने बघितलं तर हा दोषच नाही. तिरक्या तंतूंमुळे एका मुळाचं पाणी शेंड्याच्या अनेक बाजूंना पोहोचतं, असं एक मत आहे आणि मला ते पटतं. त्रास आपल्याला होतो, कारण आपल्याला त्या खोडातून सरळ फळी हवी असते.

नक्षीला रेषा समजणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. फळीवर दिसणाऱ्या सुंदर रेघा म्हणजे वाढीच्या वलयांचे काप. सुतार जिला रेषा म्हणतात ती तंतूंची दिशा; तंतू त्या रेघांच्या दिशेने जातात असं धरून लोक "रेषा एकदम सरळ आहे" म्हणतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. वलयं सांगतात झाड जाड कसं होत गेलं; तंतू उभे की तिरके, हे ती सांगत नाहीत.

फळीचं टोक बघा. वलयं रुंद बाजूला जवळपास समांतर असतील, तर पीळ त्या रुंद बाजूवरच दिसतो. तिथे डोंगरासारखी चढलेली नक्षी विसरायची आणि बारीक गोष्टी बघायच्या: वाळताना पडलेल्या केसाएवढ्या चिरा, छिद्रांच्या छोट्या रेघोट्या, किरणांचे (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळींचे) टाचणीएवढे ठिपके. चीर खोटं बोलत नाही, ती तंतूंच्या मधूनच जाते. चिरा फळीच्या कडेला समांतर असतील तर उत्तम. तिरक्या असतील तर नक्षी कितीही सरळ असो, लाकूड पिळाचं आहे.

टोकाला वलयं उभी असतील, म्हणजे रुंद बाजूला काटकोनात, तर फसगत पक्की. रुंद बाजूवर अगदी आखल्यासारख्या सरळ समांतर रेघा दिसतात आणि "किती छान माल" म्हणून हीच फळी आधी उचलली जाते. तंतू इकडे जाडीच्या दिशेने फळीत घुसत किंवा बाहेर येत असतात. ते बघायचे तर फळी उभी करून अरुंद कड बघावी लागते. अरुंद कड बघणारा गिऱ्हाईक मला फार क्वचित भेटतो.

त्यातही फळी खोडाच्या बरोबर मधून काढलेली असेल तर रंधा मारताना गंमत होते. गाभ्याच्या एका बाजूला तंतू वर येतात, दुसऱ्या बाजूला खाली जातात. एका अर्ध्यावर रंधा लोण्यासारखा चालतो, दुसऱ्या अर्ध्यावर लाकूड उचकटतं. फळी फिरवली की उलट. नवखा माणूस रंध्याचं पातं तीनदा पाजळतो. पात्याचा काही संबंध नसतो.

माझी स्वतःची सवय सांगतो. टोकाचा जो तुकडा नाहीतरी वाया जाणार असतो, तो कापायचा, पटाशी वलयांना काटकोनात ठेवायची आणि एक ठोका मारायचा. फुटलेला पृष्ठभाग सपाट निघाला तर ठीक, फिरत गेलेला निघाला तर पीळ किती ते समोरच आहे. तोडता येत नसेल तिथे कोऱ्या, रंधलेल्या लाकडावर शाईचा एक थेंब सोडायचा. शाई तंतूंच्या दिशेने पसरते. पानगळीच्या, छिद्रं असलेल्या लाकडांत हे छान दिसतं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २००८ च्या हंगामात मेपलच्या बॅट फुटून तुकडे उडण्याचा प्रश्न गाजला, तेव्हा तपासणीत तंतूंचा तिरपेपणा हे मोठं कारण निघालं. त्यानंतर मेपल आणि बर्चच्या बॅटच्या मुठीवर शाईचा ठिपका देऊन कोन ३ डिग्रीच्या आत आहे का ते बघण्याचा नियम आला. एवढ्या मोठ्या खेळाला जी तपासणी एका थेंबात करावीशी वाटली, ती करायला आपल्याकडच्या हौशी मंडळींना वेळ नसतो.

फळी उलटी केली की पीळ कटतो, हा समज

हा माझा खास राग. एका तरुण सुताराने एक दार केलं होतं. हात चांगला, सांधे नीट, घाई मात्र भयंकर. दोन्ही उभ्या पट्ट्या एकाच ओंडक्यातल्या, शेजारीशेजारी चिरलेल्या. लाकडात पीळ आहे हे त्याला कळलं होतं, एवढं श्रेय द्यायला हवं. त्याने उपाय काय केला? एक पट्टी होती तशी बसवली आणि दुसरी टोकं बदलून, बुडखा वर करून बसवली. "एकीचा पीळ दुसरी खाईल, काका." मी म्हटलं, खाणार नाही, दोघी मिळून दार खातील. त्याला घाई होती, दार बसलं.

हवा कोरडी झाली तसा कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीतून बाहेर यायला लागला. खालचा टेकलेला, वरचा बाहेर. त्याने आधी कोपरा रंधला. मग चौकटीची खाच खोल केली. मग वर एक जादा कडी लावून दार ओढून धरलं, ती कडी काही दिवसांनी स्क्रूसकट उपटून आली. मला बोलावलं तोवर रंधून रंधून त्या कोपऱ्याची जाडी खालच्या कोपऱ्यापेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली होती.

आता कारण. स्क्रू उलटा धरा, आडवा धरा, आटे ज्या हाताचे आहेत त्याच हाताचे राहतात. लाकडाच्या पिळाचंही तेच. डावा पीळ बुडख्याकडून बघितला तरी डावा, शेंड्याकडून बघितला तरी डावा. फळी टोकाने फिरवा, पालथी करा, काही बदलत नाही. पीळ पिळाला कापायचा असेल तर दुसरी फळी उलट्या हाताची लागते, आणि ती एकाच ओंडक्यात शेजारच्या कापात मिळत नाही. म्हणून त्या दाराच्या दोन्ही पट्ट्या एकाच दिशेने पिळल्या आणि आडव्या पट्ट्यांना सोबत घेऊन गेल्या. दार ९० सेंटीमीटर रुंद असेल, तर वरची आणि खालची आडवी पट्टी एकमेकींपासून फक्त १ डिग्रीने फिरली तरी मोकळ्या कडेला जवळजवळ १६ मिलिमीटरचा फरक पडतो.

दुरुस्ती? कडीकडची पट्टी बदलली, सरळ रेषेच्या लाकडाची घातली. राहिलेला थोडा पीळ बिजागऱ्यांवर वाटून टाकला: खालची बिजागरी जराशी बाहेर घेतली, म्हणजे दिसणारा फरक दोन कोपऱ्यांत अर्धा अर्धा विभागला गेला. नवीन दाराच्या वेळी दोन्ही उभ्या पट्ट्या आधी कोरड्या जागी नुसत्या उभ्या करून ठेवायच्या आणि दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. त्या एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत, तर ती उभी पट्टी दारात जाणार नाही. एवढंच.

डावा की उजवा हे ओळखायला उजवा हात ओंडक्यावर पालथा ठेवा, बोटं लांबीच्या दिशेने. चिरा अंगठ्याकडे वळत जात असतील तर डावा पीळ, करंगळीकडे जात असतील तर उजवा. कुठल्याही टोकाला उभं राहून बघा, उत्तर तेच येतं. अख्ख्या ओंडक्यांची घरं बांधणारे लोक डाव्या पिळाला जास्त घाबरतात, ते उगाच नाही. कोवळ्या वयातलं आतलं लाकूड बहुधा डावंच असतं. बाहेरचंही डावं निघालं तर सगळं एकाच बाजूला ओढतं. उजव्या पिळाच्या ओंडक्यात आत-बाहेर थोडी ओढाताण होऊन पीळ काहीसा आवरतो.

गाभ्याजवळची फळी लांब कामाला घेणं

पीळ तेवढाच असला तरी गाभ्याजवळचा काप जास्त पिळतो. कागदावरचा ठोकळ हिशेब करू: तंतूंचा कल ४ डिग्री, वलयांच्या दिशेने आकसणं ५ टक्के, लांबी २ मीटर. गाभ्यापासून ५ सेंटीमीटरवरचा काप सुमारे १५ डिग्री पिळेल, २० सेंटीमीटरवरचा जेमतेम ४. फळीचं पिळणं लांबीच्याही प्रमाणात वाढतं. त्यामुळे असलं लाकूड फेकायचं नसतं, त्याचे आखूड तुकडे करायचे. खण, छोटे डबे, स्टूलाचे पाय, कातकाम, यात ते सुखाने राहतं. पलंगाच्या लांब पट्ट्यांत नाही.

वजन ठेवून, दाबून, स्क्रूने आवळून सरळ करणं

थप्पीवर वजन ठेवून वाळवलं तर पीळ कमी येतो, ते करावंच, थरांमधल्या पट्ट्या एकावर एक, एका रांगेत घालून. पण वाळून पिळलेल्या फळीला दाबून सरळ केली असं समजू नका. हवेतली ओल बदलली की ती परत आपल्या वाटेला जाते. ओलं फडकं टाकून रात्रभर दाबायचा जो उपाय सांगत फिरतात, त्याने फक्त गिऱ्हाईक येईपर्यंत फळी सरळ राहते. मी जाडी जास्त ठेवून चिरतो, पूर्ण वाळू देतो, मग पिळासकट रंधून सपाट करतो. त्यात बरंच लाकूड भुशात जातं. ज्यांना ते बघवत नाही त्यांनी पिळाचं लाकूड घेऊ नये.

तिरकी चिराई आणि पीळ यांत गल्लत

सरळ झाडाचा ओंडका करवतीवर तिरका चढवला तरी फळीत तंतू तिरके येतात. ती चूक सालीला समांतर चिरून टळते. पीळ कशानेही टळत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंवर तिरपेपणा असेल तर एकाच बाजूचा आकडा धरू नका: एकीकडे १२ ला १ (म्हणजे १२ लांबीला तंतू १ ने बाजूला सरकतो) आणि शेजारी १६ ला १ असेल तर खरा तिरपेपणा साधारण साडेनऊला १ निघतो.

दांडे आणि शिडी

इथे मी विनोद करत नाही. तंतू १० ला १ ने तिरके असतील तर वाकण्याविरुद्धची ताकद सरळ लाकडाच्या सुमारे ८१ टक्के उरते, पण आदळण्याविरुद्धची ६२ च. ५ ला १ असेल तर वाकण्याला ५५ आणि आदळण्याला ३६. नुसत्या उभ्या दाबाला मात्र फारसा फरक पडत नाही, म्हणून खांबाला चालून गेलेलं लाकूड घणाच्या दांड्याला चालेल असं धरू नये. असा दांडा तुटताना तिरका, लांब सुळक्यासारखा तुटतो आणि तो सुळका हातात राहतो. दांड्यासाठी मी २० ला १ च्या पलीकडे जात नाही, आणि शक्यतो फोडून काढलेलाच तुकडा घेतो. फोडताना लाकूड तंतूंच्याच मागे जातं.

साल सरळ म्हणजे आत सरळ

नाही. सालीच्या भेगा फिरलेल्या असतील तर सावध व्हा, सरळ असतील तरी निर्धास्त होऊ नका. साल सोलून बघा.

उलटसुलट रेषेलाही पीळच म्हणणं

सालवृक्ष, महोगनी यांसारख्या लाकडांत काही थर डावीकडे, पुढचे उजवीकडे असे आलटून पालटून कललेले असतात. वलयं उभी असलेल्या कापावर त्यामुळे पट्टे चमकतात. रंध्याला ते छळतं, फोडायला हट्टी असतं, पण थर एकमेकांना रोखून धरत असल्यामुळे फळी एकाच दिशेने तेवढी पिळत नाही. त्याला अगदी धारदार पातं, उथळ काप आणि शेवटी खरवडणी पुरते.