आईकडून ज्यू : हा नियम आला कुठून, ते स्वतः कसं वाचून काढाल

आई ज्यू असेल तरच मूल ज्यू, हे ठरवलं कुणी? आमच्या समाजातली कॉलेजात जाणारी मुलं मला हे हमखास विचारतात. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, ठाण्याची. तोंडी उत्तर देण्यापेक्षा मी त्यांना शेजारी बसवून वाचायला लावते, कारण या प्रश्नाभोवती ऐकीव उत्तरं फार साचली आहेत. तुम्हालाही वाचायचं असेल तर मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घ्या. मिश्ना (रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या नियमांचा संग्रह) आणि तालमूद (त्यावरची नंतरची चर्चा) ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर इंग्रजीत फुकट मिळतात. आणि पुढचा क्रम मोडू नका.

सुरुवात वडिलांपासून करा. गणना, अध्याय 1 : मोजणी होते ती वडिलांच्या घराण्यांप्रमाणे. मग परक्या घरातून आलेल्या बायकांची यादी काढा. योसेफाची आसनथ मिसरी याजकाची मुलगी, मोशेची सिप्पोरा मिद्यानी, आणि 1 राजे 14:21 मध्ये शलमोनाच्या गादीवर बसलेल्या रहबामाची आई नामा अम्मोनी. त्यांची मुलं इस्राएली आहेत की नाहीत, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही. आसनथचे मुलगे एफ्राईम आणि मनश्शे, यांच्यासारखा हो, असा आशीर्वाद तर आजही शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस सुरू होताना, मुलग्यांना देतात. या बायकांनी आधी धर्म स्वीकारला होता असं नंतरची परंपरा सांगते; मूळ मजकुरात तसा विधी सापडत नाही.

आता उलटं उदाहरण वाचा, लेवीय 24:10. आई शलोमीथ दान वंशातली, बाप मिसरी. छावणीत भांडण होतं, तेव्हा मजकूर एकाला ‘इस्राएली स्त्रीचा मुलगा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘इस्राएली पुरुष’. इथे जरा थांबा, हा फरक बारकाईने पाहा : आई इस्राएली असूनही पहिल्याला नुसतं ‘इस्राएली’ म्हटलेलं नाही.

पुढे एज्रा 10 आणि नहेम्या 13. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांनी परक्या बायका केल्या होत्या. त्यांना मुलांसकट घालवून द्यायचं ठरतं. नहेम्या तर सांगतो की काही मुलं अश्दोदची भाषा बोलत होती आणि त्यांना यहुदी भाषा येत नव्हती. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात : मिळालं, नियम एज्राचा! पण यहुदी मुलीला परक्या पुरुषापासून झालेल्या मुलाचं काय, यावर एज्रा गप्प आहे. म्हणजे नियमाची एकच बाजू हाती लागते.

खरा मुक्काम मिश्नाचा, साधारण सन 200चा. त्यातलं किद्दुशीन हे विवाहावरचं प्रकरण, 3:12, सावकाश वाचा, दोनदा वाचा. तिथे चार पायऱ्या आहेत. लग्न धर्मानुसार वैध आणि निर्दोष, तर मूल वडिलांचं. वैध पण निषिद्ध, तर दोघांत ज्याचा दर्जा उणा त्याच्यामागे. स्त्रीचं या पुरुषाशी लग्न लागूच शकत नाही पण इतरांशी लागू शकतं, तर मूल मामझेर, म्हणजे ज्याला सर्वसाधारण ज्यू घरात लग्न करता येत नाही असं. आणि जिचं कुठल्याही ज्यू पुरुषाशी लग्न लागत नाही, ती दासी किंवा परधर्मीय स्त्री, तिचं मूल तिच्यासारखं. आईचा नियम असा चौथ्या पायरीवर येतो. त्याला तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, आधार तालमूद नंतर देतं, किद्दुशीन 68ब मध्ये, ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या 7:3-4 वरून.

याच्या शेजारी रोमी कायदा ठेवा. दोघांना परस्परांशी वैध लग्नाचा हक्क असेल तर मूल बापाच्या दर्जाचं. नसेल तर आईच्या. अपवाद होते, पण सांगाडा तोच. इतिहासकार शे कोहेन यांनी हे साम्य पुढे आणलं. प्राण्यांच्या वेगळ्या जातींच्या संकराबद्दलचा रब्बींचा विचार ही दुसरी शक्यताही त्यांनी मांडली. मला रोमी बाजू जास्त पटते, कारण दोन्हीकडे सगळं लग्नाच्या वैधतेवरच टेकलेलं आहे.

ऐकीव उत्तरं आता तपासा. ‘आई नक्की असते, बाप नक्की नसतो’ हे खरं कारण असतं, तर कोहेन (याजक) आणि लेवी (मंदिरसेवक) ही पदं आजही वडिलांकडून का येतात? ‘रोमी सैनिकांच्या अत्याचारातून जन्मलेल्या मुलांना सामावून घेण्यासाठी’ असंही सांगतात. त्यांना मिश्नातलं येवामोत 7:5 दाखवा. ज्यू आईला परक्यापासून झालेलं मूल तिथे मामझेर ठरतं! ते मूल निर्दोष, हा निकाल पुढे तालमूदात येतो (येवामोत 45ब).

आजचे फाटे थोडक्यात : कराईट, म्हणजे तालमूद न मानणारे ज्यू, वडिलांकडून वंश धरतात. ज्यूंना इस्राएलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या तिथल्या परतीच्या कायद्यात ज्यू आईची व्याख्या 1970 मध्ये आली. अमेरिकेतल्या रिफॉर्म (सुधारणावादी) पंथाच्या रब्बींनी 1983 मध्ये आई किंवा वडील, कुणीही एक ज्यू आणि मूल ज्यू म्हणून वाढलेलं, हे मान्य केलं.

आमचा संबंध इथे थेट येतो. कोकणात बेने इस्राएल पुरुषाला बाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या मुलांना ‘काळा इस्राएल’ म्हणून वेगळं ठेवत. ते वाचताना मला आजही त्रास होतो. आणि 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाहाआधी बेने इस्राएलांची आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या तपासण्याचे आदेश काढले. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, संसदेत विषय गेला, 1964 मध्ये आदेशातून समाजाचं नाव काढावं लागलं.

म्हणून वाचून झाल्यावर एक वही घाला. मराठी रीतीत नावापुढे बाप लागतो, मग नवरा. त्यात आईची ओळ बुडते. ओळ आईपासून वर न्या : प्रत्येकीचं माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. रोहेकर, पेणकर, किहिमकर अशी आडनावं गाव सांगतातच. केतुबा म्हणजे लग्नाचा करार कुणाच्या कपाटात असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, सिनेगॉगची विवाहनोंद पाहा, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीकडे आधी जा.