रॉकीज ओलांडताना कागदी नकाशा मांडीवर हवा

अमेरिकेत डेन्व्हरहून छोट्या विमानाने रॉकीज पर्वत ओलांडून ग्रॅनबीला जायचं तर इंधन, तेल, हवामान तुम्ही पाहणारच. ते लिहीत बसत नाही. कागदी नकाशा घ्या. डेन्व्हरचा सेक्शनल, म्हणजे वैमानिकांसाठीचा त्या भागाचा नकाशा, चालू आवृत्तीचा, कारण दर 56 दिवसांनी नवा निघतो. मागच्या सीटवरच्या बॅगेत नको, मांडीवर हवा, लागणारा भाग वर येईल अशी घडी घालून.

मागच्या जुलैत मी तो घेतला नव्हता. टॅबलेट काचेला लावलेला, त्यावर थेट ऊन. कोरोना पास या खिंडीच्या अलीकडे तो तापून बंद पडला. बॅटरी भरलेली होती, पॉवर बँकही होती, पण गार झाल्याशिवाय तो चालूच होईना. समोरच्या दोन्ही दऱ्या सारख्याच दिसत होत्या. खिंडीकडे कुठली जाते आणि कुठली पुढे भिंतीला भिडते, सांगता येईना. वळायला जागा होती तोवर वळलो. शेजारी माझा मुलगा बसला होता.

म्हणून आदल्या रात्री त्या कागदावर पेन्सिलीने मार्ग आखा. जीपीएसची ‘डायरेक्ट’ रेघ दोन ठिकाणं जोडते, मधे डोंगर असला तरी सरळच जाते. तुमची रेघ दरीबरोबर वळू दे. वळणावळणाला उंची लिहा. कोरोना पास सुमारे 11,700 फूट, वर किमान 2,000 फूट धरा, म्हणजे 13,700. तिथे 12,500 च्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहिलात तर वैमानिकाला ऑक्सिजन नियमानेच लागतो. बाटली भरून घ्या.

टॅबलेटच्या पडद्यावरचा लाल-पिवळा रंग जमीन किती जवळ आहे ते सांगतो. हवा तुम्हाला खाली दाबतेय हे तो सांगत नाही. त्या उंचीवर सेसना 172सारखी छोटी विमानं जेमतेम चढतात, कड्यामागचा खाली येणारा झोत त्यांच्यापेक्षा जोरकस असतो. माथ्यावर वारा 25 नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी जाऊच नका. कड्याकडे 45 अंशांत तिरपं जा, म्हणजे थोडं वळलं तरी सुटता येतं. पलीकडचा मुलूख कमी कमी दिसू लागला तर लगेच वळा, पडद्याकडे बघत बसू नका.

दुपारच्या वादळांआधी, सकाळीच ओलांडा. फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाची आगाऊ माहिती, द्या, उतरल्यावर तो बंद करा. जाकीट, पाणी. टॅबलेट सावलीत. आणि इंजिन सुरू करण्याआधी मांडीवर हात ठेवून बघा, नकाशा आहे ना?