गुन्हा दाखल झाल्यावर आपल्याच वकिलासमोर होणाऱ्या या चुका टाळा

बांधाच्या वादातून झालेल्या मारामारीत आरोपी म्हणून नाव आलेला एक शेतकरी माझ्याकडे आला होता. ‘वकीलसाहेब, मी त्या दिवशी गावात नव्हतोच, बहिणीकडे गेलो होतो,’ असे त्याने ठामपणे सांगितले आणि मी त्याच आधारावर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार केला. सुनावणीच्या वेळी सरकारी वकिलांनी तपासाच्या कागदांतून ग्रामीण रुग्णालयाचा एक केसपेपर काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यावर माझ्या पक्षकाराचे नाव होते, घटनेचीच तारीख होती आणि डाव्या मनगटावर धारदार शस्त्राची जखम असल्याची नोंद होती. तो घटनास्थळी होता, आणि कदाचित पहिला वार त्याच्यावरच झाला होता. हे त्याने मला आधी सांगितले असते, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधील स्वसंरक्षणाच्या अधिकारावर अर्ज उभा करता आला असता, त्याची स्वतःची तक्रार नोंदवून घेण्याचा आग्रह धरता आला असता. आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ती पार पाडता आली नाही आणि खोटे बोलल्याचा ठपका मात्र लागला. अर्ज फेटाळला गेला.

फौजदारी प्रकरणे हाताळताना माझे मत असे झाले आहे की, आरोपीचे सर्वाधिक नुकसान वकिलापासून लपवलेल्या गोष्टीमुळे होते. आपण वकिलाला व्यावसायिक नात्याने सांगितलेली माहिती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार गोपनीय राहते आणि आपल्या संमतीशिवाय वकील ती उघड करू शकत नाही. पुढे करावयाच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत घटनाक्रम तारीख-वेळेसह एका कागदावर लिहून न्यावा; त्यात जुने अदखलपात्र गुन्हे, पूर्वीची भांडणे, फिर्यादीशी झालेले पैशांचे व्यवहार आणि स्वतःला अडचणीचे वाटणारे संदेशही असावेत. वकिलाला न आवडणारी गोष्ट सरकारी वकिलांच्या तोंडून प्रथम कळू नये, एवढी काळजी घेतली तरी बचावाची निम्मी बाजू सावरते. घटनास्थळाजवळच्या दुकानांवर कॅमेरे असतील तर तेही त्याच दिवशी सांगावे, कारण तेथील चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाण्याची शक्यता असते.

अडचणीचे संदेश उघड होतील या भीतीपोटी पुष्कळ जण फोनमधील संभाषण डिलीट करतात. समोरच्याकडे त्याचे स्क्रीनशॉट बहुधा असतातच. शिवाय पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि जामिनाला विरोध करण्यासाठी तपास यंत्रणेला आयते कारण मिळते. फिर्यादीला ‘आपण मिटवून टाकू’ असे फोन करणेही तितकेच घातक आहे. तडजोड करायची असेल तर ती वकिलामार्फतच करावी. काही गुन्हे न्यायालयातच आपसात मिटवता येतात, तर काहींसाठी गुन्हा रद्द करून घेण्यास उच्च न्यायालयात जावे लागते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील पक्षकारांना १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईऐवजी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) उपलब्ध झाले आहे.

पोलीस ठाण्यातील पहिले दिवस

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला असल्याने, चौकशीला हजर राहण्यासाठीच्या जुन्या ‘४१ अ’च्या नोटिशीऐवजी आता कलम ३५(३) ची नोटीस येते. ती टाळून गावाबाहेर जाणे ही मोठी चूक आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या व्यक्तीला, पोलिसांनी लेखी कारणे नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही; उलट हजर न राहिल्यास अटकेचा मार्ग मोकळा होतो. केवळ व्हॉट्सअॅपवर अशी नोटीस बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे; तरीही असा संदेश आल्यास दुर्लक्ष न करता तो त्वरित वकिलाला दाखवावा.

चौकशीत स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नसली तरी, आपल्या वकिलाची भेट घेता येते. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूदच नाही. पंचनामा, जप्तीची यादी किंवा अटकेचा कागद यांवर सही घेतली जाते, पण ती मजकूर शेवटपर्यंत वाचून, खाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ घालूनच करावी. कोऱ्या कागदावर सही कोणत्याही कारणाने करू नये. अटक झाली तर अटकेची कारणे लेखी आणि आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे म्हटले आहे की, सुरुवातीला ती तोंडी सांगितली गेली असली, तरी रिमांडसाठी (कोठडीच्या आदेशासाठी) न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी दिलीच पाहिजेत. त्यामुळे तो कागद मिळाला की नाही आणि किती वाजता मिळाला, हे नातेवाइकांनी वकिलाला नेमके सांगावे.

दिवस मोजण्यातील चूक

आरोपी कोठडीत असताना कुटुंब जामीनदार, सातबारा आणि सॉल्व्हन्सीच्या (ऐपतीच्या दाखल्याच्या) धावपळीत गुंतते आणि एक महत्त्वाची तारीख विसरली जाते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) नुसार जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र तो आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज दाखल व्हावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र आले की हा हक्क संपतो. मोजणी अटकेच्या दिवसापासून नव्हे, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून होते आणि तो दिवसही मोजला जातो. एका दिवसाच्या गफलतीमुळे माणूस आणखी कित्येक महिने तुरुंगात राहू शकतो, म्हणून घरातील एकाने ही तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी आणि आठवडाभर आधीच वकिलाला तिची आठवण करून द्यावी. वकिलाला असे विचारणे उद्धटपणाचे आहे, हा समज सोडून द्यावा.

वकील निवडताना

‘जामीन नक्की करून देतो’ किंवा ‘वर बोलणे झाले आहे’ असे सांगणाऱ्याकडे प्रकरण देऊ नये, मग तो वकील असो वा न्यायालयाच्या आवारातील मध्यस्थ. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास वकिलांच्या व्यावसायिक नियमांनी मनाई आहे. फी कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे, म्हणजे केवळ जामिनाची की पुराव्यापर्यंतची, हे लेखी ठरवून पावती घ्यावी. पैसे नाहीत म्हणून वकिलाशिवाय उभे राहण्याची तर मुळीच गरज नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. तेथील लोक अभिरक्षक कार्यालयातील (आरोपींना मोफत बचाव देणाऱ्या कार्यालयातील) वकील रोज फौजदारी कामच पाहतात, त्यांना कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

जामिनानंतर तारखा चुकवू नयेत. ई-कोर्ट्स अॅपवर आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. आजारपण असेल तर पुकारा होण्यापूर्वीच वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा. वॉरंट निघालेच, तर लपून न राहता स्वतःहून हजर होऊन ते रद्द करून घ्यावे. अन्यथा जामीनदाराची रक्कमही जप्त होऊ शकते.

शेवटी एका चुकीकडे विशेष लक्ष वेधतो, कारण ती करताना माणसाला सुटल्यासारखे वाटते. किरकोळ प्रकरणात ‘गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’ असा सल्ला व्हरांड्यात सहज मिळतो. पोलीस भरतीच्या तयारीतील एका मुलाने असाच काही शे रुपयांचा दंड भरला आणि चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘दोषसिद्धी झाली आहे काय’ या रकान्याशी तो अडकला. दंड कितीही लहान असला तरी कबुलीवरून होणारी दोषसिद्धी ही दोषसिद्धीच असते. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात दंडाची ती पावती होती. आम्ही प्रथम निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला आणि अपिलाची मुदत किती उरली आहे ते मोजू लागलो.