फायटर आणि विझार्ड एकाच अंगात: मल्टिक्लास कसं जमवावं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळात एकाच पात्राला दोन क्लास (फायटर म्हणजे लढवय्या, विझार्ड म्हणजे जादूगार, असे पेशे) देणं म्हणजे मल्टिक्लास. दुसऱ्या क्लासमधली नेमकी कोणती गोष्ट हवी आणि ती कितव्या लेव्हलला मिळते? मल्टिक्लासचा विचार इथून सुरू करा. उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर एक ना धड भाराभर चिंध्या होणार हे धरून चाला. (इथे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरलेत. त्यात मल्टिक्लास ऐच्छिक आहे, म्हणून आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला) विचारा.)

मग स्कोअर, म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी अशा गुणांचे आकडे बघा. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३ लागते, विझार्डला इंटेलिजन्स १३. अट नव्या क्लासचीच नाही, जुन्याचीही पुरी व्हायला हवी. पॅलाडिन आणि सॉर्सरर या क्लासची जोडी जमते ती करिश्मा दोघांनाही लागतो म्हणून.

पहिली लेव्हल कोणत्या क्लासची, याला लोक फार कमी महत्त्व देतात. सेव्हिंग थ्रोची (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाची) प्रोफिशियन्सी, म्हणजे प्रावीण्य, फक्त पहिल्या क्लासची मिळते. फायटरपासून सुरुवात केली तर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह आणि जड चिलखत दोन्ही पदरात पडतात, आणि मार खाऊनही चालू स्पेलवरचं (मंत्रावरचं) कॉन्सन्ट्रेशन टिकवायला तो सेव्ह सोन्यासारखा. विझार्ड आधी आणि फायटर नंतर घेतलात, तर जड चिलखत नाही.

आता खरी मेख: कधी वळायचं? प्रोफिशियन्सी बोनस एकूण लेव्हलवर वाढतो, पण अ‍ॅबिलिटी स्कोअरची वाढ त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर, पहिल्यांदा चौथ्याला, मिळते. पाचव्याला फायटरला एक्स्ट्रा अटॅक येतो, विझार्डला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल (स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात). फायटर ३, विझार्ड २ असं मधेच लटकलात, तर सोबती दोनदा वार करत असताना तुम्ही एकदाच करणार. माझं मत, मुख्य क्लास पाचपर्यंत न्या, मग वळा. सुरुवातीला एखादी लेव्हल दुसऱ्या क्लासची घेणं तेवढं चालतं. दोन क्लासचे एक्स्ट्रा अटॅक मात्र एकत्र जोडले जात नाहीत.

स्पेल स्लॉटमध्ये (किती आणि किती मोठे स्पेल टाकता येतील त्याचा कोटा) सगळे गोंधळतात. विझार्ड ४, क्लेरिक ३ असेल तर स्लॉट सातव्या लेव्हलच्या कॅस्टरइतके (स्पेल टाकणाऱ्याइतके), म्हणजे चौथ्या लेव्हलचाही एक. स्पेल मात्र दोन्हीकडे दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच. मोठ्या स्लॉटमध्ये लहान स्पेल घालायचा. वॉरलॉक क्लासचे स्वतःचे पॅक्ट स्लॉट वेगळे मोजा.

आणि बार्बेरियन-विझार्डचा मोह होतोय? रेजमध्ये (बार्बेरियनच्या बेभान रागात) असताना स्पेल टाकताच येत नाही.